बाईकएवढी ताकद असलेल्या फियाटला रेस जिंकायला शिकवणारा माणूस : कार्लो अबार्थ

१३ हॉर्सपॉवर.

आज आपल्याकडची साधी १५० सीसीची बाईकसुद्धा एवढी ताकद देते. पण १९५७ साली इटलीत फियाटने एवढ्याच ताकदीची अख्खी चारचाकी बाजारात आणली होती. नाव, नुओव्हा ५००. इंजिन ४७९ सीसीचं, सिलेंडर फक्त दोन. सुरुवातीला लोकांनी या गाडीकडे पाहून नाकं मुरडली आणि विक्री थंडच राहिली.

मग फेब्रुवारी १९५८ मध्ये तुरिनच्या एका माणसाने हीच गाडी मोन्झाच्या ट्रॅकवर उतरवली. इंजिन मात्र त्याने उघडून नव्याने बांधलं होतं आणि ताकद १३ वरून २६ हॉर्सपॉवरवर नेली होती. ड्रायव्हर आळीपाळीने बदलत राहिले आणि गाडी सलग ७ दिवस, ७ रात्री पळत राहिली. १८ हजारांहून जास्त किलोमीटर, ताशी सरासरी १०८ किलोमीटरच्या वेगाने.

ज्या गाडीला लोक खेळणं म्हणत होते, तिने सहा आंतरराष्ट्रीय विक्रम केले. हे घडवून आणणारा माणूस होता कार्लो अबार्थ.

ट्रेनशी शर्यत लावणारा पोरगा

कार्लोचं मूळ नाव कार्ल. जन्म १५ नोव्हेंबर १९०८ चा, व्हिएन्नातला. म्हणजे रास वृश्चिक. ही रास लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पोराला वेड होतं मोटरसायकलचं. विशीतच तो रेस जिंकायला लागला आणि स्वतःच्या नावाची मोटरसायकलही त्याने बनवली. एका मोठ्या अपघातानंतर तो साईडकारच्या गाड्यांकडे वळला.

१९३४ साली त्याने भलतंच धाडस केलं. त्या काळी ओरिएंट एक्सप्रेस ही युरोपातली सगळ्यात नावाजलेली ट्रेन. कार्लोने साईडकारवाल्या मोटरसायकलवरून व्हिएन्ना ते बेल्जियममधलं ओस्टेंड अशी तिच्याशी शर्यत लावली. अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास. पहिला प्रयत्न फसला, पण दुसऱ्यांदा त्याने ट्रेनला हरवलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मात्र युगोस्लाव्हियात त्याचा पुन्हा भीषण अपघात झाला. यावेळी मोटरसायकल रेसिंग कायमचं सुटलं. युद्धाची वर्षं त्याने तिथेच काढली. युद्ध संपल्यावर तो इटलीत आला, तिथलाच झाला आणि कार्लचा कार्लो झाला.

कंपनी बुडाली, पगाराऐवजी गाड्या मिळाल्या

इटलीत पिएरो दुसिओ नावाच्या उद्योजकाची सिसितालिया ही रेसिंग कार कंपनी होती. कार्लो तिथे रेसिंग विभाग सांभाळायला लागला. पण दुसिओने पोर्शेच्या इंजिनिअर्सकडून एक महागडी ग्रां प्री कार बनवून घ्यायला काढली आणि त्या खर्चात कंपनीच बुडाली.

कार्लोच्या वाट्याला आल्या रेसिंगच्या काही गाड्या आणि सुटे भाग. तेवढ्या भांडवलावर ३१ मार्च १९४९ रोजी त्याने अर्मांदो स्कालियारिनी यांच्या साथीने 'अबार्थ अँड कंपनी' सुरू केली. लोगो काय ठेवायचा? रास वृश्चिक, म्हणून विंचू.

पुढच्याच वर्षी इटलीचा दिग्गज रेसर तात्सिओ नुव्होलारी याने सिसितालिया-अबार्थ चालवत पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनोच्या घाटातल्या रेसमध्ये आपल्या गटात पहिला नंबर काढला. ती त्याच्या आयुष्यातली शेवटची रेस ठरली.

नाव तर झालं, पण रेसिंग म्हणजे पैसे खाणारा धंदा. पोट भरायला दुसरं काहीतरी हवं होतं. ते होतं सायलेन्सर.

इंजिनमधला जळालेला धूर जितका मोकळेपणाने बाहेर पडेल, तितकं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलेंडरमध्ये भरतं आणि ताकद वाढते. कार्लोने हे ओळखून साध्या गाड्यांसाठी खास सायलेन्सर बनवले. गाडी थोडी जोरात पळायची आणि आवाज थेट रेसिंग कारसारखा यायचा. इटलीतली तरुण मंडळी यावर अक्षरशः तुटून पडली. हे सायलेन्सर लाखोंच्या संख्येने खपले आणि रेसिंगचा खर्च निघायला लागला.

खोक्यातून मिळायची ताकद

१९५५ साली फियाट ६०० आली. चार सिलेंडर, ६३३ सीसी आणि जेमतेम २२ हॉर्सपॉवर. कार्लोला मनासारखा कच्चा माल मिळाला.

त्याने इंजिनचं मूळ धूड तेच ठेवलं आणि आतला मामला बदलला. सिलेंडरचा व्यास ६० वरून ६१ मिलिमीटर केला. नवा क्रँकशाफ्ट टाकून पिस्टनचा स्ट्रोक ५६ वरून ६४ मिलिमीटरवर नेला. एवढ्यानेच इंजिन ७४७ सीसीचं झालं. त्यात कॉम्प्रेशन वाढवलं, मोठा वेबर कार्ब्युरेटर बसवला आणि सोबत स्वतःचा सायलेन्सर दिला. ताकद ४० हॉर्सपॉवरच्या घरात, म्हणजे जवळपास दुप्पट.

खरी गंमत पुढे आहे. हे सगळं तो किट म्हणूनही विकायचा. लाकडी खोक्यात पिस्टन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर असे मॉडेलनुसार लागणारे भाग भरलेले असायचे. आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडे खोकं न्यायचं आणि इंजिन बांधून घ्यायचं. ज्याला नवी स्पोर्ट्स कार परवडत नव्हती, त्याच्यासाठी रेसिंगचा दरवाजा असा उघडला.

पण रस्त्यावर आणि ट्रॅकवर अशा दोन्हीकडे चालणारं इंजिन बनवणं सोपं नसतं. रेसचं इंजिन जास्त आरपीएमवर खुलतं, तर रोजच्या गाडीला सिग्नलवर गुमान उभं राहायचं असतं, थंडीत सकाळी चालू व्हायचं असतं आणि वर्षानुवर्षं टिकायचंही असतं. ताकद वाढली की उष्णताही वाढते. फियाट ५०० वर बेतलेल्या १९६३ च्या अबार्थ ५९५ मध्ये म्हणूनच जास्त ऑईल मावणारा ॲल्युमिनियमचा संप होता. त्याला पंखासारख्या पट्ट्या होत्या, जेणेकरून ऑईल थंड राहील. ५९४ सीसीच्या या इंजिनातून २७ हॉर्सपॉवर मिळायची आणि गाडी ताशी १२० किलोमीटर गाठायची.

ट्रॅकवरच्या ८५० टीसी आणि १००० टीसी यांचा तर थाटच वेगळा. पुढे बाहेर लटकवलेला रेडिएटर आणि मागे उघडंच ठेवलेलं इंजिनचं झाकण, जेणेकरून गरम हवा बाहेर पडावी. मोठ्या गाड्यांच्या पायात घुटमळणाऱ्या या चिमुकल्या गाड्यांनी साठच्या दशकात युरोपियन टुरिंग कार स्पर्धेत आपल्या गटातली अनेक विजेतेपदं घेतली.

मोन्झाच्या विक्रमांनंतर फियाटनेही कार्लोशी करार केला होता. फियाटवर बेतलेल्या अबार्थने रेस जिंकली किंवा विक्रम केला, की फियाट पैसे देणार. थोडक्यात, जिंकलं तरच घर चालणार.

विक्रमासाठी ३० किलो वजन घटवलं

१९६५ साली कार्लोने आणखी एक कमाल केली. वयाची पंचावन्नी उलटलेली, देह भारदस्त आणि विक्रमासाठी बांधलेल्या एक हजार सीसीच्या सिंगल सीटरमध्ये तो मावेना. पठ्ठ्याने सफरचंदं खाऊन तब्बल ३० किलो वजन उतरवलं आणि ऑक्टोबरमध्ये मोन्झावर स्वतः गाडी चालवून वेगाचे विक्रम केले.

पण हळूहळू हिशोब जमेना. कार्लोला आता स्वतःच्या डिझाईनची मोठी रेसिंग इंजिनं बनवायची होती. छोट्या इंजिनांवर कमावलेलं तिकडे खर्च होत गेलं. अखेर १९७१ साली त्याने कंपनी फियाटला विकली. रेसिंगचा विभाग एन्झो ओसेला यांच्याकडे गेला.

२४ ऑक्टोबर १९७९ रोजी कार्लो अबार्थचं निधन झालं, ज्या व्हिएन्नात तो जन्मला त्याच शहरात. त्याच्या आधीच, १९७७ आणि १९७८ मध्ये, फियाट १३१ अबार्थने जागतिक रॅली स्पर्धेत फियाटला विजेतेपद मिळवून दिलं होतं. १९८० मध्ये ते पुन्हा मिळालं.

हा विंचू पुढे महाराष्ट्रातही पोहोचला. २०१५ साली पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात अबार्थ पुंटो तयार झाली. दिसायला घरगुती हॅचबॅक आणि बॉनेटखाली १४५ हॉर्सपॉवर. साध्या गाडीच्या पोटात दडवलेली ताकद, हा कार्लोचाच जुना फॉर्म्युला होता.