आजारातही काम करणारे लोकनायक

विद्यार्थी मित्रांनो, बीडच्या कडक उन्हात चालत शाळेत येता तेव्हा तुम्हांला घाम येतो. घामाबरोबर थोडे क्षार व टाकाऊ द्रव्ये शरीराबाहेर पडतात. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. परंतु रक्त स्वच्छ करण्याचे मोठे काम पाठीच्या कण्याजवळची दोन मूत्रपिंडे करतात. उर्दूत तुम्ही त्यांना गुर्दे म्हणता. डाळ, मांस यांतील प्रथिनांपासून यकृतात युरिया तयार होतो. तो रक्तातून मूत्रपिंडांत येतो. मुठीएवढ्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्या दोन्ही मिळून सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक पाणी पुन्हा रक्तात जाते आणि सुमारे दीड लिटर मूत्र बाहेर पडते.

हे काम बंद पडले तर? लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्यावर हाच प्रसंग आला होता.

जयप्रकाशजींचा जन्म 11 ऑक्टोबर 1902 रोजी सिताबदियारा या गावी झाला. 1921 साली मौलाना अबुल कलाम आझाद यांचे भाषण ऐकून त्यांनी पाटण्याचे कॉलेज सोडले. पुढे ते अमेरिकेत शिकले. तेथे मजुरी करून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. 1942 च्या दिवाळीच्या रात्री ते धोतरांचा दोर करून हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. असे ते धाडसी होते.

जून 1975 मध्ये देशात आणीबाणी लागू झाली आणि त्यांना अटक झाली. त्या वेळी ते 72 वर्षांचे होते. त्यांना मधुमेहही होता. कैदेत त्यांची प्रकृती ढासळली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्तात युरिया साचत गेला, तर माणूस वाचत नाही. म्हणून डॉक्टरांनी डायलिसिस सुरू केले. यात रक्त नळीने यंत्रात जाते. तेथील पातळ पडद्यातून टाकाऊ द्रव्ये निघून जातात आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परत येते. हे एकदाच करून भागत नाही. ठरावीक दिवसांनी पुन्हा काही तास यंत्राजवळ पडून राहावे लागते.

तरीही जयप्रकाशजी स्वस्थ बसले नाहीत. 1977 च्या निवडणुकीत त्यांनी प्रचारसभा घेतल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये राजघाटावर त्यांनी नव्या खासदारांना प्रतिज्ञा दिली. मार्च 1979 मध्ये त्यांच्या निधनाची चुकीची बातमी संसदेत सांगितली गेली. त्या वेळी ते जसलोकमध्ये जिवंत होते! 8 ऑक्टोबर 1979 रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. 1999 साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

मित्रांनो, यंत्राच्या आधाराने ते जवळजवळ चार वर्षे जगले आणि ती वर्षे त्यांनी देशासाठी वेचली. आज डायलिसिसची सोय जिल्ह्याच्या गावीही झाली आहे. पण तुमच्या शरीरातील गाळण्या रात्रंदिवस, काही न मागता काम करतात. त्यांची काळजी घ्या. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या. लघवी रोखून धरू नका. घरात कोणाला मधुमेह असेल, तर त्यांना वेळेवर तपासणी करून घ्यायला सांगा.