वाल्थर नेर्न्स्ट
थोर जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांचा जन्म १८६४ साली झाला. क्षार पाण्यात विरघळला, की त्याचे विद्युद्भारित कण, म्हणजेच आयन, दृष्टीस पडत नाहीत. मग ते मोजावे कसे? चांदीच्या क्षाराच्या द्रावणात चांदीची तार बुडविली, की तिच्यावर विद्युद्दाब निर्माण होतो. आयन दसपट झाले, तर २५ अंश सेल्सिअस तापमानास हा दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टांनी वाढतो. या संबंधाचे सूत्र नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये, ऐन पंचविशीत, लाइपझिग येथे सिद्ध केले. पुढे पहिल्या महायुद्धात त्यांचे दोन्ही पुत्र धारातीर्थी पडले. परंतु त्यांची ज्ञानसाधना खंडित झाली नाही. उष्णतारसायनातील कार्याबद्दल त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक लाभले. १९४१ साली ते निवर्तले. आजही पाण्याची वा रक्ताची आम्लता मोजणारी उपकरणे त्यांच्याच सूत्राच्या आधारे चालतात.