भीमाची दोन बोटं आणि घाटकोपरच्या झोपडीतले अण्णाभाऊ साठे

अण्णाभाऊ साठे म्हटलं की ‘फकिरा’ आठवते, लाल बावट्याचे पोवाडे आठवतात. पण लेखक होण्याआधी या माणसाने मुंबईत ओझी वाहिली होती.

जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, आजचा सांगली जिल्हा. खरं नाव तुकाराम. शाळा जेमतेम दीड दिवसाची. पोटासाठी सगळं कुटुंब चालत मुंबईला आलं. इथं त्यांनी हमाली केली, कोळसा वाहिला, पुढे गिरणीत लागले.

कामावर जखमी झालेल्याला भरपाई देणारा कायदा तेव्हा होता, १९२३ पासून. पण भरपाई मागायची तर आधी मालक दाखवावा लागतो. हमालाचा मालक कोण? सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची हातगाडी. गाडी उलटली, पाय चिरडला, की त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि पाय बरा होईपर्यंतचीही.

अण्णाभाऊ अनेक वर्षं घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडीत राहिले. आजूबाजूला सगळी हातावर पोट असलेली माणसं. त्यांच्या लिखाणात हीच माणसं आली.

‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा घ्या. वारणेकाठचा धिप्पाड गडी मुंबईच्या उपनगरात खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. मग तो रात्री मसणवटीत प्रेतांवरचं सोनं शोधू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि शेवटी दोन बोटं कापावी लागतात. मग बातमी येते, खाण पुन्हा सुरू झाली! डोंगर फोडणारा हातच अधू झालेला. भीमा पोरासारखा रडतो. भुताखेताची गोष्ट म्हणून ती वाचणाऱ्यांनी शेवटचं पान पुन्हा वाचावं. तिथं भूत नाही, बेकारी आहे.

१९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊंनी मांडलं की पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे. हमाली केलेल्या माणसाला ते पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१८ जुलै १९६९ रोजी गोरेगावात हलाखीतच ते गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली माथाडींची संघटना होती. मंडळात नोंद झालेल्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला, आणि कामावर इजा झाली तर दाद मागायला एक दार मिळालं.