पार्लमेंटांतील भक्त : विल्यम विल्बरफोर्स

विल्यम विल्बरफोर्स याचा जन्म २४ ऑगस्ट १७५९ रोजीं इंग्लंडांतील हल बंदरीं एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या घरीं झाला. नवव्या वर्षीं पितृछत्र नाहींसें झालें व त्यास चुलत्याकडे ठेवण्यांत आलें. चुलता व चुलती मोठीं भाविक. त्यांच्या सहवासांत मुलाच्या कोवळ्या मनांत ख्रिस्तभक्ति रुजली. आईस मात्र हें वेड वाटलें. तिनें त्यास परत आणिलें आणि नाटकें, नाच व पत्ते यांच्या योगें तो रंग पुसून टाकिला. आपण मुलाचें कल्याणच करीत आहों, असें तिलाहि वाटत असेल!

केंब्रिजला अभ्यास बेताचाच झाला. १७८० सालीं, एकविसाव्या वर्षीं, तो पार्लमेंटचा सभासद झाला व लंडनच्या क्लबांत रमला. एकदां जुगारांत त्यानें सहाशें पौंड जिंकिले. परंतु हरलेल्यांपैकीं पुष्कळांस ती रक्कम जड जाणार हें दिसतांच त्यास इतकें वाईट वाटलें कीं, तो नाद त्यानें सोडिला.

पुढें यूरोपच्या प्रवासांत आयझॅक मिल्नर हा विद्वान त्याच्या सोबतीस होता. वाटेंत वाचावयास म्हणून दोघांनीं डॉड्रिजचें एक धार्मिक पुस्तक घेतलें. नंतर मूळ ग्रीक नवा करार. बाळपणीं पडलेलें बीं पुन्हां उगवूं लागलें. राजकारण सोडून एकांतवास पत्करावा कीं काय, या तळमळींत तो डिसेंबर १७८५ मध्यें जॉन न्यूटन या वृद्ध पाळकाकडे गेला. आंत जाण्याचा धीर होईना, म्हणून आधीं चौकांत फेऱ्या घातल्या! पूर्वीं गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या न्यूटननें त्यास आपली जागा न सोडण्याचा सल्ला दिला.

सल्ला ऐकण्यास सोपा, आचरणास नव्हे. क्लब सुटले, पण भेटी, पत्रें व मेजवान्या सुटेनात. रात्रीं उशीरां निजणें आणि त्यामुळें सकाळची प्रार्थना आटोपती घेणें, याबद्दल त्याच्या रोजनिशींत वारंवार खेद आढळतो. १८०१ सालीं मंत्रिमंडळ बदलतांना अधिकारपदाच्या आशेनें त्याचें चित्त अस्वस्थ झालें; रविवारच्या शांत चिंतनानें तो ज्वर उतरला. त्याची भक्ति एकदां पेटून कायम तेवत राहिलेली नव्हती. ती रोज नव्यानें पेटवावी लागे.

गुलामांच्या व्यापाराविरुद्धचें कार्य त्यानें १७८७ त हातीं घेतलें. १७९१ सालीं ८८ विरुद्ध १६३ मतांनीं पराभव झाला. १७९६ त केवळ चार मतें कमी पडलीं. त्याच्या पक्षाचे कांहीं सभासद त्या रात्रीं नव्या संगीत नाटकास गेले होते! उमरावांच्या सभेंत काय झालें असतें तें सोडा. पण विल्बरफोर्सच्या जिवास तें फार लागलें. अखेर २३ फेब्रुवारी १८०७ रोजीं १६ विरुद्ध २८३ मतांनीं सभा त्याच्या बाजूस आली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेंत मिशनऱ्यांस हिंदुस्थानचें दार उघडलें, तेंहि पुष्कळसें त्याच्याच खटपटीनें. त्याच वर्षीं मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांवर परत धाडले जाण्याचें संकट होतें. तें टळलें व मराठी मिशनचा पाया पडला. मात्र येथील लोकांच्या धर्माविषयीं तेव्हां त्यानें काढिलेले उद्गार कठोर होते. हा देश त्यानें पाहिला नव्हता.

उतारवयांत मुलाच्या धंद्यांत द्रव्य बुडालें व राहतें घर सोडून त्यास मुलांकडे राहावें लागलें. २६ जुलै १८३३ रोजीं गुलामगिरी बंद करणारा कायदा संमत होणार हें निश्चित झालें. ही वार्ता त्यानें ऐकली, आणि २९ जुलैस तो प्रभूकडे गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेंत, जिवलग मित्र पिट याच्याजवळ, त्याची कबर आहे.