रामानुजन यांची 'ट्यूशन'

आमच्या विंगमध्ये टांझानियाहून आलेली एक मैत्रीण आहे. तिला मी एम-टू शिकवत होते. इंटिग्रेशन ती माझ्यापेक्षा फास्ट करायची, पण कॉम्प्लेक्स नंबर्स तिने कधी पाहिलेच नव्हते. माझी चिडचिड व्हायची. हे तर अकरावीतच होतं ना! मग लायब्ररीत श्रीनिवास रामानुजन यांचं चरित्र हाती लागलं आणि मी चांगलीच ओशाळले.

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, इरोडचा. बालपण कुंभकोणमला गेलं. साधारण १९०३ मध्ये त्यांना कार नावाच्या इंग्रज शिकवणी-मास्तरांचं एक पुस्तक मिळालं. त्यात हजारो सूत्रे होती, पण सिद्धता जवळजवळ नाहीतच. रामानुजन यांनी ती सूत्रे स्वतःच पडताळून पाहिली आणि पुढे नवी शोधली. बाकी विषयांकडे मात्र साफ दुर्लक्ष! शिष्यवृत्ती गेली, एफ.ए.ला ते दोनदा नापास झाले. शेवटी मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी.

जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलं आणि एप्रिल १९१४ मध्ये ते इंग्लंडला पोचले. तिथे तेही एक परदेशी विद्यार्थीच होते, आणि शिक्षणातल्या गॅप्स केवढ्या! कॉम्प्लेक्स फंक्शन्स माहीत नाहीत, कोशीचं प्रमेय माहीत नाही, सिद्धता म्हणजे नेमकं काय हेही धूसर. पत्रातलं मूळ संख्यांविषयीचं त्यांचं सूत्र चुकलं होतं ते याच गॅपमुळे.

हार्डींपुढे पेच होता. पहिल्यापासून सगळा सिलॅबस शिकवावा, तर या माणसाचा आत्मविश्वासच मोडायचा. काहीच न शिकवावं, तर चुका तशाच राहणार. त्यांनी मधला मार्ग काढला. ज्यावाचून अडेल तेवढंच शिकवायचं, बाकी सोडून द्यायचं. लिटलवूड यांनीही शिकवून पाहिलं, पण एक मुद्दा काढला की रामानुजन यांना दहा नव्या कल्पना सुचायच्या आणि धडा तिथेच राहायचा! आपण शिकवलं त्याहून जास्त आपणच शिकलो, असं हार्डींनी पुढे मान्य केलं.

१९१६ मध्ये रामानुजन यांना संशोधनावर बी.ए. मिळाली. १९१८ मध्ये दोघांनी 'पार्टिशन्स'चं सूत्र मांडलं. ४ ही संख्या बेरजेने ५ प्रकारे लिहिता येते. २०० किती प्रकारे? मॅकमहॉन यांनी हाताने काढलेलं उत्तर होतं ३९,७२,९९,९०,२९,३८८. सूत्राचं उत्तरही तेच आलं. आणि या सूत्राच्या मुळाशी होतं कोशीचंच प्रमेय! चार वर्षांपूर्वीची गॅप अशी भरली होती.

त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण कडक शाकाहारी माणूस, महायुद्धातली टंचाई, थंडी, एकटेपणा... १९१७ पासून ते सारखे आजारी होते. १९१९ मध्ये परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी गेले.

मला वाटतं, काय येत नाही याची यादी करणं सोपं असतं. आता मी मैत्रिणीला आधी विचारते, तुला काय येतं? आणि हो, जेवलीस का, हेही विचारते. इंटिग्रेशन मात्र आता तीच मला शिकवते!