जेमतेम पास झालेला शास्त्रज्ञ आणि आमच्या विहिरीचं मीठ

शिरोळ तालुक्यातल्या क्षारपड जमिनी जयसिंगपूरच्या होस्टेलवाल्यांना नवीन नाहीत. आमचाही एक तुकडा पांढरा पडलाय. म्हणून एफ.ई.ला असताना केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी घरच्या विहिरीचं पाणी नेलं. ५० मिली पाण्याला ०.०५ मोलर सिल्व्हर नायट्रेट २० मिली लागलं. म्हणजे क्लोराइड ०.०२ मोलर. ते सगळं साध्या मिठाचं धरलं, तर ०.०२ गुणिले ५८.५, लिटरला १.१७ ग्रॅम. चिमूटभर! एवढ्यानं काय होतंय, असं वाटलं.

व्हायवाला सरांनी विचारलं, विरघळलेलं मीठ पाण्यात मीठ म्हणूनच राहतं का? मी गप्प. उत्तर शोधताना स्वांते अऱ्हेनियस भेटला.

जन्म १९ फेब्रुवारी १८५९, स्वीडनमध्ये. वडील जमीन मोजणीचं काम करायचे. १८८४ साली त्यानं उप्साला विद्यापीठाला प्रबंध दिला. विषय, द्रावणातून वीज कशी वाहते. परीक्षकांना तो पटला नाही. शेरा इतका खालचा मिळाला, की प्राध्यापक व्हायची वाट जवळजवळ बंदच झाली. पण गडी खचला नाही. प्रबंधाच्या प्रती त्यानं परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्या वाचून रिगाहून ओस्टवाल्ड हा रसायनशास्त्रज्ञ स्वतः त्याला भेटायला उप्सालाला आला आणि नोकरी देऊ केली.

१८८७ मध्ये अऱ्हेनियसनं स्पष्टच मांडलं: क्षार पाण्यात विरघळला, की वीज न सोडताही त्याचे भारित कण, म्हणजे आयन होतात. एक मोल मिठाचे दोन मोल आयन. याच विचाराला १९०३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण घोकतो ते अऱ्हेनियस समीकरण १८८९ चं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल, याचा हिशोबही त्यानं १८९६ मध्येच मांडला होता. २ ऑक्टोबर १९२७ ला स्टॉकहोममध्ये तो गेला.

माती परीक्षणात क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात, त्यामागे हेच आयन आहेत.

मग मी अर्धवट राहिलेलं गणित पुरं केलं. एकरभर रानात इंचभर पाणी म्हणजे सुमारे १ लाख लिटर. चिमटीतलं मीठ झालं जवळपास १२० किलो, तेही एका पाळीला! पाणी उडून जातं, मीठ रानातच राहतं. बाबांना आकडा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या लावणीआधी निचऱ्याचे चर काढायचं ठरलंय.

आणि हो, केटी लागलेल्या दोस्तांनो, अऱ्हेनियसचा शेरा लक्षात ठेवा. पण त्याच्यासारखं कामही करा!