घोड्यावरून येणाऱ्या सुईणी

माझ्या आजीची सात बाळंतपणं घरातच झाली, गावातल्या सुईणीच्या हातून. त्यातली चार मुलं जगली. भाजी निवडता निवडता आजी हे अगदी सहज सांगायची. अमेरिकेत असं काही नसणार, असं मला तेव्हा वाटायचं. मेरी ब्रेकिनरिजबद्दल वाचलं आणि तो समज गेला.

मेरीचा जन्म १८८१ चा, मोठ्या घरातला. आजोबा अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. पण सुख काही लाभलं नाही. पहिला नवरा दोन वर्षांतच गेला. मग ती नर्स झाली, दुसरं लग्न केलं. १९१६ मध्ये मुलगी झाली, ती काही तासच जगली. १९१८ मध्ये चार वर्षांचा मुलगा गेला. पुढे ते लग्नही मोडलं. आता दुसऱ्यांची लेकरं वाचवायची, एवढंच तिने मनाशी धरलं.

तिने निवडला केंटकी राज्यातला डोंगराळ भाग. रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत. १९२३ मध्ये तिने घोड्यावरून तिथली गावं पालथी घातली आणि पन्नासेक सुईणींना भेटली. बहुतेक म्हाताऱ्या, ऐकून-बघून शिकलेल्या. शिकलेल्या नर्सनी सुईणीचं काम केलं तर बायका वाचतील, हे तिला पटलं. पण अशा नर्स आणायच्या कुठून? अमेरिकेत तसं शिक्षण मिळण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. इंग्लंडात होती. मग चाळिशी ओलांडलेली ही बाई लंडनला जाऊन स्वतः सुईणपण शिकली!

१९२५ मध्ये हायडन या गावी काम सुरू झालं. पुढे इंग्लंडमधूनही नर्स आल्या. परक्या देशाच्या, बोलण्याची ढब वेगळी, त्यात विजार घालून घोड्यावर बसणाऱ्या! आपल्याकडे अशी बाई दारात आली असती तर सासूबाईंनी आधी बाहेरच थांबवलं असतं. मेरी हे ओळखून होती. तिने गावातल्याच लोकांच्या समित्या केल्या. घोड्यावरून वेळेत पोचता येईल अशा अंतरावर उपकेंद्रं बांधली. नर्स तिथेच राहायची, दिवस राहिल्यापासून बाईकडे जात-येत राहायची. त्यामुळे कळा सुरू झाल्यावर दारात येणारी बाई ओळखीची असायची. फी पाच डॉलर. पैसे नसले तर कोंबड्या द्या, घोड्यांना चारा द्या, नाहीतर कुंपणाचं काम करून द्या. मला यातलं हेच सगळ्यात आवडलं. फुकट घेतल्याचं ओझं कुणावर राहिलं नाही.

पावसात, बर्फात, नदीला पूर असतानाही या बायका जायच्या. १९३१ मध्ये मेरी घोड्यावरून पडली, पाठीचं हाड मोडलं. तरी काम सुटलं नाही. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण तिच्या भागात देशाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही खाली आलं.

तिचं सगळंच चांगलं होतं असं मात्र नाही. जुन्या सुईणींना तिने फारच कमी लेखलं. आणि काळ्या नर्सना तिने आपल्या संस्थेत घेतलं नाही. हे वाचून मन खट्टू होतं.

१९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या बऱ्याच नर्स मायदेशी परतल्या. चौदा वर्षं ज्यांच्या जिवावर काम चाललं, त्याच निघाल्या. अडलेल्या बाईने आता हाक कुणाला मारायची? मेरीने त्याच वर्षी तिथल्या तिथेच सुईणपण शिकवणारी शाळा काढली. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या फक्त दोन. १९६५ मध्ये मेरी गेली. त्या शाळेचं पुढे विद्यापीठ झालं, आणि तिथे शिकणाऱ्या नर्स आजही खेड्यापाड्यांतली बाळंतपणं करतात. घोड्याऐवजी मोटारीने जातात, इतकंच.